मोडेस्टसाहेबांच्या खिशातलं जायफळ

आमच्या बेटावरच्या ग्वाव गावात एथेलबर्ट मोडेस्ट हे नाव दोनच ठिकाणी वापरात होतं. एक चर्चच्या वहीत आणि दुसरं पेन्शनच्या कागदावर. बाकी अख्खा गाव त्यांना 'आणखी काय' म्हणायचा. तोंडावर नाही, अर्थात. तोंडावर "गुड मॉर्निंग, मिस्टर मोडेस्ट." आणि पाठ वळली, की "तो बघ, आणखी काय चालला मासळी आणायला."

आता नाव पडलं म्हणजे त्याला काहीतरी कारण असणारच. बत्तीस वर्षं हा माणूस विमानतळावर कस्टमच्या टेबलामागे उभा होता. प्रवाशाची बॅग उघडायची, आतली वस्तू टेबलावर ठेवायची आणि चष्म्याच्या वरून बघत विचारायचं, "आणखी काय?" या दोन शब्दांवर मोडेस्टसाहेबांनी संसार केला. प्रवासी म्हणायचा, "आणखी काही नाही, साहेब." मग साहेब बोलायचेच नाहीत. नुसते बघत राहायचे आणि मनात दहा अंक मोजायचे. आठ-नऊपर्यंत तो प्रवासी आपणहून मोज्यात लपवलेली सॉसेजं काढून टेबलावर ठेवायचा. बरं, आपपरभाव म्हणाल तर तोही नाही. ऐन नाताळात त्यांनी सख्ख्या मावशीची हॅमची तंगडी जप्त केली होती. गंमत म्हणजे त्या वर्षी नाताळचं जेवण मावशीकडेच होतं, आणि साहेब वेळेवर जाऊन हजर झाले. मावशीनं ताटात उकडलेली हिरवी केळी वाढली. साहेबांनी ती मुकाट्यानं खाल्ली आणि वर आणखी मागितली.

तर असे हे मोडेस्टसाहेब निवृत्त झाल्यावर तिसऱ्या वर्षी प्रथमच परदेशी निघाले. ब्रुकलिनमध्ये मुलीला बाळ झालं होतं. तीन महिने राहायचं आणि परत यायचं, एवढा साधा बेत. बत्तीस वर्षं विमानतळावर काढली, पण विमानात पाय ठेवला नव्हता. गावाला मात्र त्यांच्या जाण्यात काडीचाही रस नव्हता. गावाला रस होता त्यांच्या परत येण्यात.

फिट्झरॉयच्या रमच्या दुकानासमोरच्या बाकावर सल्ल्यांचा नुसता पाऊस पडला. फिट्झरॉय म्हणजे दुकानाचा मालक आणि एका खिळखिळ्या व्हॅनचाही मालक. गावातला माणूस परदेशी जायचा तो त्याच्या व्हॅनमधून, यायचा तोही त्याच्याच, त्यामुळे कुणी काय आणलं आणि कशात लपवलं, हे ज्ञान त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला नव्हतं.

"वर मळके कपडे ठेवा," फिट्झरॉय म्हणाला. "कस्टमवाला मळक्या कपड्यांना हात लावत नाही."

"मी लावायचो," साहेब म्हणाले.

"खालच्या थरात बायबल ठेवायचं," कोळी कॉस्मस म्हणाला. "बायबल दिसलं की माणूस ओशाळतो."

"तुझं बायबल पोकळ होतं, कॉस्मस. आत मासे धरायचे गळ होते. तेवीस."

कॉस्मसनं ग्लासात तोंड घातलं. फिट्झरॉय मात्र गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. ग्लास पुसत तो म्हणाला, "कसंही करा, मिस्टर मोडेस्ट, पण एक लिहून ठेवा. सगळे नियम पाळून या बेटावर आजवर कुणीही उतरलेलं नाही. तुम्हीसुद्धा उतरणार नाही. काही ना काही निघणारच."

झालं! साहेबांच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. ते उठून उभे राहिले. "ऐका सगळे! माझ्या सामानात एक, एक जरी वस्तू नियमाबाहेर निघाली ना, तर रविवारी चर्च सुटल्यावर सूट घालून मिस एल्फ्रिडाच्या फाटकात उभा राहीन आणि माफी मागीन!"

कॉस्मसनं तोंडाकडे नेलेला ग्लास खाली ठेवला.

मिस एल्फ्रिडा म्हणजे साहेबांच्या समोरच राहणारी शिवणकाम करणारी बाई. मध्ये रस्ता, तोही बारा पावलांचा. सव्वीस वर्षांपूर्वी ती त्रिनिदादहून आईला मूठमाती देऊन परत आली, तेव्हा टेबलामागे मोडेस्टसाहेब होते. साहेबांनी चार वेळा "आणखी काय?" विचारलं आणि चौथ्या वेळी तिच्या डोक्यावरची काळी हॅट स्वतःच्या हातानं उतरवली. आत ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली गुलाबाची फांदी होती. आईच्या अंगणातली. बाहेरचं कलम विनापरवाना आणता येत नाही, रोग येतात, बेटावरची झाडं मरतात. नियम म्हणजे नियम. फांदी विमानतळाच्या मागच्या अंगणातल्या पिंपात जाळली गेली. त्या दिवसापासून मिस एल्फ्रिडा साहेबांशी एक अक्षर बोललेली नव्हती. ते समोरून आले की ती ओठ असे घट्ट मिटायची, जसे काही टाके घातलेत. त्यांना ती कधी फाटकाच्या आत येऊ देत नसे, आणि परसाला तर तिनं पत्र्याचं उंच कुंपणच घालून टाकलं होतं. साहेबही कधी पुढे होऊन बोलले नाहीत. चूक नसताना माफी कसली मागायची? सिल्विनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, हे हजारदा ऐकलं होतं. प्रत्येक वेळी त्या "हो रे, बर्टी," म्हणायच्या आणि भांडी जरा जोरात आपटायच्या.

पैज लागली आणि साहेब सिल्विनाबाईंना घेऊन ब्रुकलिनला गेले.

ब्रुकलिनचे तीन महिने तसे सुखाचे गेले. नातीला खेळवलं, थंडीला शिव्या दिल्या. खरं संकट आलं शेवटच्या आठवड्यात. अर्धं ग्वाव ब्रुकलिनमध्येच राहतं, आणि आपलं माणूस घरी चाललंय म्हटल्यावर त्याच्याबरोबर 'छोटंसं पार्सल' पाठवायचं नाही, हे कुठल्या धर्मात बसतं? सोमवारी दोघं आले. मंगळवारी सात. बुधवारी जिन्यात रांग लागली.

"आईसाठी आहे, मिस्टर मोडेस्ट. छोटंसंच."

"उघडा."

"अहो, भेटवस्तूचा कागद लावलाय!"

"कागद कागदाच्या जागी. उघडा."

साहेबांनी मुलीचं जेवणाचं टेबल हॉलच्या मधोमध आडवं लावलं, मागे उभे राहिले आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. तीन महिन्यांत त्यांच्या चेहऱ्यावर एवढा तजेला मुलीनं पहिल्यांदाच बघितला. पार्सलं उघडली जात होती, वस्तू निघत होत्या, "आणखी काय?" चालू होतं. मधाची बाटली परत. सफरचंदं परत. फटाके परत, आणि आणणाऱ्याला वीस मिनिटांचं भाषण. एका बाईनं भाच्याच्या बाळासाठी कपडे आणले होते. त्यात हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचा लष्करी झबला निघाला.

"हे जाणार नाही," साहेब म्हणाले. "लष्करी कापड साध्या माणसाला आणता येत नाही."

"अहो, बाळ चार महिन्यांचं आहे!"

"वयाची अट नियमात दिलेली नाही."

"चार महिन्यांचं बाळ काय सरकार उलथवणार आहे का?"

"ते मला ठाऊक नाही, बाई. मी बाळाला भेटलेलो नाही."

शेवटी त्रेचाळीस वस्तू पास झाल्या. साहेबांनी रेघांच्या कागदावर त्यांची यादी केली, तीन प्रती काढल्या, प्रत्येक पानावर सही ठोकली. शेवटच्या रात्री जावयानं मदत म्हणून एक मोजा बॅगेत टाकला, तर साहेबांनी सगळी बॅग उपसून पुन्हा भरली. जावई बिचारा बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

विमानात बसताना साहेबांनी ठेवणीतला काळा कोट घातला होता. निवृत्तीच्या समारंभाला शिवलेला. त्या दिवशी चर्चनं त्याला लावायला लालभडक गुलाब दिला होता. दर ईस्टरला वेदीवर तसेच गुलाब येतात, आणि कुणाचे म्हणून विचारलं तर पाद्री आभाळाकडे बोट दाखवतो. साहेबांना तो गुलाब फार आवडला होता. वाळल्यावर त्यांनी तो बायबलात ठेवला, पण असल्या हळव्या गोष्टी ते कुणाला सांगत नसत.

विमान उतरलं. रांग लागली. आणि टेबलामागे कोण? जोनेल! साहेबांनीच हाताखाली घेऊन तयार केलेली पोरगी. आता खांद्यावर दोन पट्ट्या आल्या होत्या.

"सर! आंटी! कशी आहे नात?" जोनेलचा चेहरा फुलला. तिनं फॉर्म घेतला, न बघता शिक्का मारायला हात उचलला. "जा सर तुम्ही."

"जा? म्हणजे काय, जा?"

"म्हणजे... घरी, सर."

"बॅग उघड."

"सर, तुमची बॅग मी उघडू? लोक काय म्हणतील?"

"नाही उघडलीस तर काय म्हणतील, ते बोल! उघड."

"सर, मागे दीडशे माणसं खोळंबलीयत."

"माझ्या वेळी दोनशे असायची. कुणी मेलं नाही."

काचेच्या दाराबाहेर फिट्झरॉय आणि कॉस्मस नाक काचेला लावून उभे होते. साहेबांनी त्यांच्याकडे एकदा बघून घेतलं आणि यादी वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. एक नंबर: टॉवेल, दोन. दोन नंबर: मिसेस फ्रँक यांच्या गुडघ्याचं मलम. जोनेल एकेक वस्तू काढत होती, यादीवर खूण करत होती. सतरा नंबरला साहेब म्हणाले, "पोट आवळायचा पट्टा, स्त्रियांचा, गुलाबी, एक," आणि सिल्विनाबाईंना धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं. मागच्या रांगेत एक बाई सुटकेसवर बसून चक्क डबा उघडून जेवायला लागली.

"काय चाललंय काय पुढे?" कुणीतरी ओरडलं. "कुणाला पकडलंय?"

"पकडलं नाही हो," जेवणारी बाई म्हणाली. "तो म्हातारा पकडा-पकडा म्हणतोय, आणि ती पोरगी पकडेना झालीय."

पन्नास मिनिटांनी त्रेचाळिसावी वस्तू टेबलावर आली. यादी आणि माल, दोन्ही तंतोतंत. जोनेलनं घाम पुसून शिक्का मारला. साहेबांची छाती कोटात मावेना. बाहेर फिट्झरॉयचं तोंड कडू कारलं खाल्ल्यासारखं झालं होतं. दारापर्यंत दहा पावलं. साहेबांनी बॅगा उचलायच्या आधी, कपाळ पुसावं म्हणून, ऐटीत कोटाच्या खिशात रुमालासाठी हात घातला.

रुमालाच्या खाली काहीतरी गोल होतं. टणक. बोराएवढं, जरा मोठंच.

साहेबांच्या बोटांना ते काय आहे, हे लगेच कळलं. ग्वावच्या माणसाच्या बोटांना कळणारच. जायफळ! कंबर धरू नये म्हणून आमच्याकडे खिशात जायफळ ठेवतात. बाप ठेवायचा, आजा ठेवायचा. साहेबांनी स्वतः कधी ठेवलं नव्हतं, पण घरात बायको होती ना.

फॉर्मवर स्पष्ट प्रश्न होता: बी, फळ, रोप, माती जवळ आहे का? समोर साहेबांच्या वळणदार अक्षरात उत्तर होतं: नाही.

कुणी बघितलं नव्हतं. जोनेल पुढच्या माणसाकडे वळली होती. साहेब एक पाऊल चालले. दोन. तीन. काचेपलीकडे फिट्झरॉय मान खाली घालून व्हॅनची किल्ली शोधत होता. चौथं पाऊल उचललं आणि साहेबांना आतून कुणीतरी विचारलं, "आणखी काय?" आवाज ओळखीचा होता. बत्तीस वर्षं तोच वापरला होता. साहेब मनात मोजायला लागले, आणि सातावरच वळले.

"जोनेल."

"आता काय राहिलं, सर?"

साहेबांनी जायफळ टेबलावर ठेवलं. ते थोडं गडगडलं आणि शिक्क्याला टेकून थांबलं.

"सर, हे जायफळ आहे," जोनेल म्हणाली.

"मला दिसतंय."

"आपल्याकडे रस्त्यावर पडलेली असतात."

"रस्त्यावरची रस्त्यावर. हे परदेशातून आलंय, आणि फॉर्मवर नाही."

सिल्विनाबाई पुढे आल्या. "अगं, मीच ठेवलं होतं निघताना, याच्या कमरेसाठी. आमच्या परसातल्या झाडाचं आहे. लग्न झाल्यापासून ठेवते प्रत्येक कोटात, याला पत्ता नाही!"

"लग्न झाल्यापासून?" साहेब खचलेच. "सिल्विना, म्हणजे मी अमेरिकेतही हे चोरून नेलं?"

"चोरून कशाला? कोटात घालून नेलंस."

"बघा सर, आंटी सांगतायत ना," जोनेल घाईनं म्हणाली. "इथलंच आहे. इथून गेलं, इथं परत आलं. परत आलेला नागरिक समजा."

"नागरिकाकडे पासपोर्ट असतो. याच्याकडे काय आहे? इथलं आहे म्हणतेस, मग सिद्ध कर!"

आता बघा, पैज हरणार तर साहेब, नाक कापलं जाणार तर साहेबांचं, आणि सुटू नये म्हणून हातघाईवर आले तेही साहेबच. अशा माणसाला मदत तरी कशी करायची? जोनेलनं शेतीखात्याच्या लिंडनला बोलावणं धाडलं. तो जेवत होता. हातात ताट घेऊनच आला, नारळाच्या दुधात शिजलेल्या नीरफणसाची फोड गालात. त्यानं जायफळ नाकाशी धरलं.

"आपलंच आहे."

"वासावरून सांगतोस?"

"नाही सर, वास नीरफणसाचाच येतोय. पण आपलंच असणार. दुसरं कोण जायफळ खिशात घालून फिरतं?"

"तुझा अंदाज नकोय मला. दाखला पाहिजे."

दाखल्याचा मुद्दा निघाला आणि सगळंच फसलं. बी ज्या देशातून आलं, त्या देशाचा दाखला लागतो. आलं अमेरिकेतून, पण अमेरिकेत ते उगवलंच नव्हतं, तर तिथलं खातं दाखला कशाला देईल? उगवलं आमच्याकडे, पण आमचं खातं दाखला देतं तो बाहेर जाणाऱ्या मालाला. हे तर आत आलेलं. लिंडननं बोटं चाटत उपाय काढला, की जायफळ आधी बाहेर पाठवायचं, जाताना दाखला घ्यायचा आणि मग रीतसर आत आणायचं. साहेबांनी त्यावर खरोखरच क्षणभर विचार केला. मग मान हलवली.

"जप्त कर," ते म्हणाले.

जप्तीचा फॉर्म साहेबांनीच कधीकाळी तयार केलेला होता, त्यामुळे तो लांबलचक होता. वस्तू: जायफळ. नग: एक. कुठं लपवलं होतं: कोट, उजवा खिसा, रुमालाखाली. शेवटचा प्रश्न जोनेलनं हळूच वाचला. "सर, इथं विचारलंय... इसम सराईत आहे का?"

"छत्तीस वर्षं," सिल्विनाबाई म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं.

मागच्या अंगणातल्या पिंपात जायफळ जाळलं. साहेब नियमाप्रमाणे साक्षीला उभे राहिले. एवढंसं जायफळ, पण असा काही वास सुटला, की रांगेतल्या लोकांना नाताळच्या केकची आठवण झाली. साहेब धुराकडे बघत राहिले. परसातलं झाड त्यांच्या बापानं लावलेलं होतं, मागच्या वादळात अर्धं मोडून पुन्हा उभं राहिलेलं. धूर डोळ्यांत गेला असावा. त्यांनी रुमाल काढला, आणि या खेपेला खिशात फक्त रुमालच होता.

बाहेर आल्यावर साहेबांनी न विचारता जप्तीची पावती फिट्झरॉयच्या हातात दिली. व्हॅन ग्वावला पोचायच्या आधीच बातमी पोचली होती.

रविवारी चर्चला ईस्टरच्या दुप्पट गर्दी! शनिवारी प्रार्थना करणारे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोकही त्या दिवशी आमच्या बाकांवर येऊन बसले. पाद्रीनं प्रवचन आटोपतं घेतलं, कारण त्यालाही फाटकाजवळची जागा धरायची होती. सूट घातलेले, हॅट हातात धरलेले मोडेस्टसाहेब पुढे आणि सगळा गाव मागे, अशी वरात मिस एल्फ्रिडाच्या फाटकाशी थांबली. ती दारात उभी होती. ओठ घट्ट मिटलेले.

साहेबांनी घसा खाकरला. "मिस एल्फ्रिडा, नियम बरोबर होता."

"हात्तिच्या!" फिट्झरॉय मागून म्हणाला. "ही माफी आहे होय?"

"नियम बरोबर होता," साहेब पुन्हा म्हणाले, "पण तुमची हॅट मी सगळ्यांच्या देखत उतरवली. तुम्ही आईला पोचवून आला होतात. मागे खोली होती, तिला दार होतं. तिथं नेऊन बोलता आलं असतं. मी नेलं नाही. मला माफ करा."

मिस एल्फ्रिडानं त्यांच्याकडे चष्म्याच्या वरून बघितलं. सव्वीस वर्षांनी ओठांचे टाके उसवले.

"आणखी काय?"

गाव खदखदून हसला. साहेबांचे कान लाल झाले. "ती फांदी जाळली, तेव्हा मला वाईट वाटलं होतं. मी कुणाला बोललो नाही. सिल्विनालासुद्धा नाही."

"आणखी काय?"

"आणखी काही नाही."

ती काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. ती मोजतेय, हे साहेबांना कळत होतं; हा डाव त्यांचाच होता. तरी आठाच्या पुढे त्यांना तग धरता आला नाही.

"परवा माझं जायफळ जाळलं," ते हळूच म्हणाले. "बापाच्या झाडाचं. पिंपापाशी उभा होतो, तेव्हा तुमची आठवण झाली. आधी व्हायला पाहिजे होती."

आता कुणी हसलं नाही. मिस एल्फ्रिडा पायऱ्या उतरून आली आणि तिनं फाटक उघडलं. "आत या. तुम्ही एकटेच. बाकीच्यांनी बाहेर थांबायचं, आणि फिट्झरॉय, माझ्या फुलझाडांवर टेकू नकोस."

तिनं त्यांना घरातून सरळ परसात नेलं, पत्र्याच्या उंच कुंपणामागे. साहेब उंबऱ्यातच थबकले. समोर छपराएवढं गुलाबाचं झाड होतं, लालभडक फुलांनी लगडलेलं. तो रंग साहेबांनी ओळखला. त्यांच्या बायबलात त्याच रंगाचं एक वाळकं फूल होतं.

"चार वेळा विचारलंत," मिस एल्फ्रिडा म्हणाली. "चौथ्या वेळी हॅटमधली गेली. पाचव्यांदा विचारलं असतंत, तर बुटातलीही द्यावी लागली असती."

"आणि म्हणून सव्वीस वर्षं राग धरून..."

"राग कसला? राग आठ दिवसांत गेला. भीती नाही गेली. तुम्ही एकदा फाटकात आलात की विचारणार 'आणखी काय', आणि मला मेलीला खोटं बोलता येत नाही. म्हणून म्हटलं, तोंडच उघडायला नको."

साहेबांचा हात सवयीनं पेनाकडे गेला. "परवाना?"

"नाही."

ते झाडाभोवती एक फेरी मारून आले. पानं उलटी करून बघितली. कीड नव्हती, डाग नव्हता. एका फुलाशी वाकून त्यांनी वास घेतला आणि जरा जास्तच वेळ घेतला.

"मुळं कुठं फुटली?"

"इथंच. या मातीत."

"मग इथलंच आहे," साहेब म्हणाले आणि पेन खिशात ठेवलं.

"हो का? मग परवा जायफळाला का नाही म्हणालात?"

"जायफळ माझं होतं, मिस एल्फ्रिडा."

ती आत जाऊन कात्री घेऊन आली, वीतभर फांदी कापली आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळली. "सिल्विनाला द्या. सकाळचं ऊन लागेल अशा जागी लावायला सांगा."

फांदी हातात घेऊन साहेब क्षणभर विचारात पडले. समोरच्या अंगणातून स्वतःच्या अंगणात रोप नेण्याला कुठलाही नियम आडवा येत नव्हता, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण बाहेर सगळा गाव उभा होता, आणि पत्र्यामागे काय आहे हे गावाला सव्वीस वर्षं माहीत नव्हतं. साहेबांनी हॅट उलटी केली, पुडकं आत बसवलं आणि हॅट जपून डोक्यावर चढवली.

फाटकातून बाहेर आले, तर लोक बाजूला झाले. कानामागून पाण्याचा एक थेंब मानेवर ओघळत होता. फिट्झरॉय आडवा आला. त्यानं साहेबांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि हात मागे बांधून, अगदी टेबलामागे उभा असल्यासारखं विचारलं, "काय मिस्टर मोडेस्ट, जाहीर करण्यासारखं काही?"

"काही नाही," मोडेस्टसाहेब सराईतासारखे म्हणाले, आणि फिट्झरॉयनं दहा मोजायच्या आत रस्ता ओलांडून घरात शिरले.